माझी चार तोंडं आणि तानाबाईच्या घरातलं पाचवं

मी चित्रकार नाही, पेंटर आहे. हा फरक मला आमच्या प्रमिलानं लग्नानंतर आठव्या दिवशी समजावून दिला. पाहुणे बसले होते, मी ऐटीत म्हणालो, "मी चित्रकार आहे," आणि आतून आवाज आला, "चित्रकार असते तं सोताच्या घराले रंग नसता मारला का?" पाहुणे हसले. मीही हसलो. करणार काय! त्याला आता अडतीस वर्षं झाली आणि घराला अजून चुनाच आहे.

नाव लहानू. मुक्काम अल्लीपूर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. किराणा दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'पुन्हा भेटू', लग्नाच्या मांडवातलं 'सुस्वागतम्', हे सगळं माझं. बोलतो मी आपल्या वऱ्हाडीत, पण लिहितो पुस्तकी. पाटीवर एक वेलांटी चुकली तर मास्तर लोक सायकल थांबवून चूक दाखवत, त्या धाकानं लिहिण्याची सवय सुधारली. चित्र चुकलं तर मात्र कोणी सायकल थांबवली नाही, म्हणून चित्र सुधारलं नाही.

माझ्या डाव्या भुवईला एक काप आहे. एकोणीस वर्षांचा होतो. नाल्याच्या पुलावर 'वाहने सावकाश चालवा' लिहीत होतो. शेवटचा 'वा' तेवढा पटकन उरकून घ्यावा म्हणून घाई केली आणि शिडीसकट खाली आलो. भुवई फाटली. चार टाके पडले. तो 'वा' पुढे दोन वर्षं अर्धाच होता. हा काप लक्षात ठेवा, कारण पुढं सगळा घोळ त्यानंच केला.

तर, मोठे चित्रकार स्वतःचीच चित्रं काढतात असं मी तरुणपणी कुठंतरी वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आपणही काढायची. का काढायची, ते वाचलं नव्हतं. काढायची एवढंच वाचलं होतं. त्यानंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी माझी चार चित्रं काढली आणि ती चारही धान्याच्या कोठीमागं उंदरांच्या हवाली केली. उंदरांनीही हात लावला नाही.

मागच्या साली दिवाळीनंतर एक पोरगी दारात आली. आचल तिचं नाव. घर सावंगी मेघ्यात, बाप तिथल्या दवाखान्यात कारकून, आणि ही नागपूरला चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला. तिला परीक्षेसाठी एक प्रदर्शन मांडायचं होतं: खेड्यातला एखादा कलाकार शोधायचा, त्यानं स्वतःची काढलेली चित्रं ओळीनं लावायची आणि त्यावरून त्याचं आयुष्य आणि त्याची कला कशी वाढत गेली ते दाखवायचं. माझं नाव तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी तर फुगून टम्म झालो. प्रमिलाला म्हणालो, "चहा ठेव, कलेचे लोक आले." प्रमिला म्हणाली, "दूध संपलं, कलेच्या लोकाइले काया चहा चालते का इचारा."

कोठीमागून चित्रं निघाली. आचलनं फडक्यानं पुसून भिंतीला टेकवली.

पहिलं एक्क्याऐंशीचं. त्यात माझ्या तोंडात पाईप आहे. मी आयुष्यात बिडीसुद्धा ओढली नाही, पण मासिकात एका चित्रकाराच्या तोंडात पाहिला होता. गळ्यात लाल मफलर, आणि रंग असा गोरा की माझ्या मायनं विचारलं होतं, "हा कोन सायेब?"

दुसरं चौऱ्याण्णवचं. दाढी, हातात रंगांची पाटी, आणि मागं हिमालय. मी तोवर नागपूरच्या पुढं गेलो नव्हतो. हिमालय कॅलेंडरवरून उचलला होता आणि खिळ्याचं भोकसुद्धा इमानदारीनं रंगवलं होतं. आचल ते भोक फार वेळ पाहत होती. मी म्हणालो, "चंद्र आहे."

तिसरं दोन हजार सातचं. तेव्हा फ्लेक्स आले आणि माझा धंदा बसला. म्हणून मी 'दुःखी कलाकार' काढला. गालावर अश्रू. पाट्यांचा पांढरा रंग, तो काय ऐकतो! थेंब घातला तो बोराएवढा झाला. प्रमिलानं तेव्हाच विचारलं होतं, "डोये आले का जी?"

चौथं दोन हजार एकोणीसचं. त्यात मला भरपूर केस आहेत. एवढंच बोलतो.

आचल हसली नाही, हे तिचं मोठेपण. ती वाकून जवळून पाहत होती. "काका, आरशात पाहून काढली ना? तुमचा काप डाव्या भुवईला आहे, आणि चारही चित्रांत उजव्या भुवईला आहे. आरशातलं जसंच्या तसं उतरवलं की डावं ते उजवं होतं." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला हे त्रेसष्टाव्या वर्षी कळत होतं.

मग तिनं वही काढली. "पण एक्क्याऐंशीनंतर एकदम चौऱ्याण्णव? तेरा वर्षं काहीच नाही? या पाईपवाल्यातून त्या हिमालयवाल्यापर्यंत तुम्ही आलात कसे, ते दिसतच नाही. मधलं एक तरी चित्र असेल ना?"

"नाही," मी म्हणालो.

मधलं एक होतं. ते तानाबाईच्या घरी भिंतीवर होतं, तिचा नवरा म्हणून.

आता हे नीट सांगतो. तानाबाई आमच्याच वस्तीतली लेक. तिकडं आष्टी तालुक्यात तळेगाव श्यामजी पंतला दिली होती, लग्नही तिकडंच झालं. तिसरं वर्ष लागलं नाही तोच नवरा तुरीच्या वावरात साप चावून गेला. डोमाजी नाव. पोरगा भूपेंद्र आठ महिन्यांचा. तो घेऊन ती अल्लीपूरला माहेरी आली ती कायमची. डोमाजीचा फोटो नव्हता. एकही नाही. लग्नात फोटोवाला होता, पण त्याचा रोल खराब निघाला.

अठ्ठ्याऐंशी साली एक दिवस ती माझ्या दुकानात आली. भूपेंद्र तेव्हा तीन वर्षांचा. दुसऱ्या पोरांच्या घरी भिंतीवर आजे-बाप हार घालून लटकलेले आणि याच्या भिंतीवर काही नाही, तर पोरगा आईला रोज विचारायचा. ती म्हणाली, "लहानूभाऊ, माह्या पोराले बाप काहाडून द्या."

गेलेल्या माणसांची चित्रंही मी काढून द्यायचो, आणि फोटो नसला की माझी एक पद्धत होती. विचारायचं, नाक गावात कोणासारखं? कपाळ कोणासारखं? आणि वही घेऊन त्या-त्या माणसासमोर जाऊन बसायचं. तानाबाई म्हणाली, नाक रूपरावसारखं, कपाळ हेडमास्तरासारखं, कान तिच्या थोरल्या काकासारखे. मी रूपरावच्या ओट्यावर तासभर बसलो. शेवटी तो भडकला, "का पाहून राह्यला बे?" मी म्हणालो, "नाक." त्यानं मला हाकललं. बाकीचेही असेच गोळा केले आणि एक तोंड जुळवलं. त्या तोंडात ग्रामपंचायतीची सभा भरली होती, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. तानाबाईनं पाहिलं आणि म्हणाली, "हे कोन आनलं?" दुसरं केलं. तेही तसंच. तिसऱ्याला ती खाली बसली आणि रडायला लागली. "भाऊ, खरं सांगू का, आता मलेच ते दिसत नाई. निसतं येवढं आठवते, पोराले घेतलं का डोये बारीक करून हासत होते. बाकी तोंड कोठी गेलं मालूम नाई."

तीन वर्षंही झाली नव्हती आणि तिला नवऱ्याचं तोंड आठवत नव्हतं, याची तिला लाज वाटत होती. मला फार वाईट वाटलं. घरी आलो आणि आरशासमोर बसलो, पोराला घेतल्यावर डोळे बारीक कसे होतात ते पाहायला. प्रमिलाला तेव्हा दिवस गेले होते. आपलं पोर हातात आहे असं मनात आणलं आणि डोळे झाले बारीक. झालं, तेच काढलं. एका दिवसात. पाईप नाही, मफलर नाही, गोरा रंग नाही, कारण ते माझं चित्रच नव्हतं, डोमाजीचं होतं. तेव्हा मी चित्रकार दिसावं म्हणून दाढी वाढवली होती, ती चित्रात काढून टाकली आणि मिशी तेवढी ठेवली. काप मात्र हाताच्या सवयीनं चित्रात आला.

तानाबाईनं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "होय. हेच." पोराला उचलून म्हणाली, "पाय, तुहा बाप."

आमचं मूल राहिलं नाही. पुढंही झालं नाही. ते एवढंच.

तानाबाईला मी सांगितलं नाही. तेव्हा सांगायला हवं होतं, पण ती इतकी खूश होती. मग एक वर्ष गेलं, दहा गेली, आणि सांगायची सोयच राहिली नाही. भूपेंद्र मोठा झाला. आई मला भाऊ म्हणते म्हणून तो मामा म्हणतो. चित्रातल्यासारखी मिशी ठेवली. दहावीत असताना ब्लेडनं उजव्या भुवईवर काप पाडून घेतला, बापाला होता म्हणून. आता तो चाळिशीचा, विजेच्या खात्यात लाइनमन, लग्नाच्या पोरीचा बाप. तरी महिन्या-दोन महिन्यांनी न्हाव्याकडून तो काप ताजा करून घेतो. गावात कोणाच्या कसं ध्यानात आलं नाही म्हणाल, तर गावात माझ्या तोंडाकडं कोणी कधी पाहिलंच नाही. पेंटरची पाटी पाहतात, पेंटर कोण पाहतो? शिवाय पुढं मी सुटलो, टक्कल पडलं, चष्मा लागला.

तर असं सगळं गुपचूप चाललं होतं. त्यात मी माती खाल्ली.

आचल म्हणाली, "काका, ऑर्डरची कामं तरी दाखवा." आणि मी, चार चित्रांत नाक कापून घेतलेला माणूस, मला वाटलं की या पोरीनं आपलं एक तरी चांगलं काम पाहावं. डोमाजीचं म्हणून दाखवू, तिला काय कळतंय! एवढी अक्कल. मीच तिला तानाबाईच्या घरी घेऊन गेलो.

तानाबाईनं चहा टाकला. भूपेंद्र डबा खायला घरी आला होता. आचल चित्रासमोर उभी राहिली ती हललीच नाही. मला आतून गुदगुल्या होत होत्या. एवढ्यात ती ओरडली, "काका! हे तर तुम्हीच!"

मी तिला गप्प करायला खूण केली, तिनं पाहिली नाही.

"भुवई बघा ना! तोच काप, त्याच बाजूला. नाक तेच. हेच ते मधलं चित्र. आणि किती वेगळं आहे हो! बाकी चारही यापुढं…" आणि तिची नजर भूपेंद्रकडं गेली. त्याच्या मिशीकडं, त्याच्या भुवईकडं.

भूपेंद्र माझ्याकडं पाहत होता. तानाबाई हातात चहाचं भांडं घेऊन दारात उभी होती. एक विधवा बाई, चाळीस वर्षं माहेरी राहिलेली, तिचा एकुलता एक पोरगा, आणि त्या पोराचं तोंड शेजारच्या पेंटरसारखं! हे एकदा गल्लीत गेलं असतं तर कोणी आरसा, काप, उजवं-डावं ऐकत बसलं नसतं.

मी मोठ्यानं हसलो. "अवं पोरी, मले भुवया कोठी येत होत्या! एकच भुवई शिकलो होतो, तेच सगळ्याइले लावत गेलो. वर्धा जिल्ह्यात माह्या भुवईचे पंधरा-वीस मुर्दे हायेत. अन् हे तं माहं सगळ्यात कच्चं काम होय. पाय ना, कानाचा पत्ता नाई."

"कच्चं नाई, भाऊ," तानाबाई म्हणाली. तिला राग आला होता. "हेच होते ते."

"बरं बाई, तू म्हनतं तं हेच," मी म्हणालो आणि आचलला दंडाला धरून बाहेर काढलं.

एसटी स्टँडपर्यंत आचल तणतणत होती. "काका, मला खोटं सांगू नका. मी चार वर्षं हेच शिकते आहे." मी चिडलो. चिडायचा हक्क नव्हता, तरी चिडलो. स्टँडच्या बाकावर बसून तिला सगळं सांगितलं, डोमाजीचा साप, रूपरावचं नाक, सगळं. शेवटी म्हणालो, "आता सांग, लाव तुह्या प्रदर्शनात. खाली लिही, कलाकाराचं आत्मचित्र. अन् मंग त्या बाईले गावात तोंड दाखवाले जागा शोधून दे."

तिचा चेहरा उतरला. मोबाईल काढून तिनं चित्राचे फोटो माझ्यासमोर पुसून टाकले. म्हणाली, "काका, पण तेच एक होतं." मी म्हणालो, "माहीत हाय मले." एवढं बोलताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. माणसाला आयुष्यात एक चित्र जमावं आणि त्याखाली सही करायची सोय नसावी.

प्रदर्शन वर्ध्याला एका शाळेच्या सभागृहात झालं. माझी चार तोंडं ओळीनं लावली होती. मी इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभा, प्रमिला नव्या पातळात. ती मला हळूच म्हणाली, "लोक बोराएवढ्या आसवापाशीच थांबून राह्यले, चांगलं चाललं." नागपूरहून परीक्षक सर आले. पाईप पाहिला, हिमालय पाहिला, त्यातलं खिळ्याचं भोक पाहिलं. सगळं झाल्यावर म्हणाले, "आचल, मेहनत केलीस. पण यात विकास दिसत नाही. एवढ्या वर्षांत हा माणूस आहे तिथंच आहे. दर वेळी दुसराच कोणी व्हायला निघतो. स्वतःकडं त्यानं कधी पाहिलंच नाही."

आचलनं तोंड उघडलं. तिला ते सहन झालं नाही, आणि तिच्या गुणांचाही प्रश्न होता. मी घाईनं पुढं झालो. "बरोबर हाय सर. भुवई सोडली तर आपल्याले काही जमलंच नाही." सर हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. आचलला बेताचेच गुण पडले. तिनं गुपित फोडलं नाही, आणि मला त्याचं फार ओझं झालं.

भूपेंद्र मात्र त्या दिवसापासून येत नव्हता. एरवी आठवड्यातून एकदा तरी मोटारसायकल थांबवून "काय मामा" म्हणणारा. मी रोज त्याची वाट पाहायचो आणि रोज तो येऊ नये असंही वाटायचं. तो येऊन काय विचारणार ते मला माहीत होतं. मी रात्रंदिवस तेच घोकत होतो.

आला एका रविवारी, सकाळी. बसला. पाणी घेतलं.

"मामा, ते पोट्टी त्या दिवशी का म्हनत होती?"

"कायचं?"

"भुवईचं."

"सांगतलं ना बावा. माह्याजवळ एकच भुवई होती."

त्यानं माझ्या भुवईकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा माझ्याकडं असं रोखून पाहिलं. चष्मा काढावा की ठेवावा मला कळेना. मी ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "मंग आता कामाचं बोलू. माह्या पोरीचं, प्रेरणाचं लगन ठरलं, माघात हाय. विहारात आजीले स्टेजवर बसवाचं, बाजूच्या खुर्चीवर आबाचा फोटो ठेवाचा. पन मामा, आजी बासष्ट वर्षाची अन् ते सव्वीसचे. साक्षगंधाले पाहुण्यायनं इचारलं, हा आजीचा पोरगा का? माहा बाप अन् मी बाजूबाजूले उभे राह्यलो तं मीच बाप दिसतो. मले ते म्हातारे करून पाह्यजेत."

"निकेशच्या मोबाईलच्या दुकानात करून देतेत म्हने. मिनिटात."

"केलं त्यानं. पांढरी दाढी, गोरा रंग, कोन्या इलायतेतला म्हातारा. मायनं पाह्यलं अन् दिवसभर जेवली नाई." तो उठला. "तुमीच काहाडा. ते कसे म्हातारे झाले असते, ते तुमालेच मालूम."

हे तो कशाच्या भरवशावर म्हणाला, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. गाडीला किक मारून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरसा ओट्यावर आणला. उजेड चांगला होता. आणि पाहा माणसाची जात! हात पहिल्यांदा गेला तो केसांकडं. तीन ब्रश केस टाकलेसुद्धा. मागून प्रमिला म्हणाली, "डोमाजीले येवढे केस कायले? आरशात तं दिसून नाई राह्यले."

मी वळलो. "तुले मालूम हाय?"

"पयल्या दिवसापासून. घरच्या मानसाचं तोंड वयखू येत नाई का मले?"

"मंग बोलली काऊन नाई?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढं एकच तं बरं काहाडलं होतं तुमी. त्यालेही नाव ठेवू का?"

मी केस पुसले. टक्कल काढलं. चष्मा काढून ठेवला तेव्हा डोळ्यांखालच्या पिशव्या दिसल्या, त्या काढल्या. गालाची कातडी लोंबते ती काढली, मानेचे दोर काढले. काप काढला, उजव्या भुवईला, पांढऱ्या केसांत. दातांपैकी दोन नाहीत, त्यानं ओठ आत जातो, तोही काढला. डोळे बारीक करायला पोर मनात आणायचं होतं. आता कोणतं आणणार? भूपेंद्रच आला. सकाळी दारात बसून पाणी पिणारा. त्याला पाहून झाले बारीक. पाचव्या दिवशी चित्र संपलं. सरांना पाहायला बोलवावं असं मनात येऊन गेलं. मी माझ्याच तोंडात मारून घेतली.

भूपेंद्र आईला घेऊन आला. मी चित्र ओट्यावर, भिंतीला टेकवून ठेवलं होतं. भूपेंद्र दोन पावलं मागं थांबला. मी त्याच्याही मागं. हातात रंगाचं फडकं होतं, ते मी उगीच पिळत होतो.

तानाबाई जवळ गेली. बरंच पाहिलं. तोंड, मान, डोकं. चाळीस वर्षांत मी तिला डोक्यावर पदर घेतलेली पाहिली नव्हती. घेणार कशाला? ती गावची लेक, आणि माहेरात लेकी पदर घेत नाहीत. तो सासरच्या माणसांसमोर घ्यायचा, नवऱ्यासमोर घ्यायचा. माझ्या ओट्यावर उभी राहून तिनं दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ओढला, कानामागं नीट खोचला आणि चित्राला म्हणाली, "लय थकले जी तुमी."

मला तोवर असं कोणी म्हणालं नव्हतं. तोंडातून 'हो' निघणार होतं. ते गिळलं आणि ब्रश धुवायला मागच्या अंगणात गेलो.